दिलगिरीला वगळून

हर्षदा मोहोळकरने मंगळवारी सकाळी नऊपैकी चारच लायब्रऱ्या बिल्ड करायला घेतल्या, आणि उरलेल्या पाच जणी जेवणाच्या सुट्टीआधीच ऑफिसात येऊन बसल्या.

खालून वॉचमन सय्यदभाईंचा फोन आला होता. "मॅडम, पाच बाया आल्यात. कुणाकडं काम म्हटलं तर तुमचं नाव सांगत्यात. आडनाव विचारलं तर सगळ्यांचं एकच. लायब्ररी."

"एकमेकींच्या नात्यातल्या आहेत का?"

"रिक्षातनं उतरल्यापासनं एकमेकींशी एक शब्द बोलल्या न्हाईत," सय्यदभाई म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे असतील नात्यातल्या."

पाहुण्यांचे पास तीनच होते. सय्यदभाईंनी एका पासवर दोघींना सोडलं, आणि पाचवीला, ती फारच गरीब स्वभावाची दिसली म्हणून, बिनपासाचं.

गोफण सॉफ्टवेअर ही कंपनी साताऱ्यात एका चपलांच्या दुकानाच्या वर होती. वडजाई या तालुक्याच्या गावी नवं बसस्थानक बांधून झालं होतं आणि तिथल्या घोषणांचं काम कंपनीला मिळालं होतं. गाडी आली की प्रवाशांना सांगणारा तो बाईचा आवाज ऐकताना एकाच बाईचा वाटतो, पण त्यामागे बऱ्याच जणी राबत असतात. एक नुसता आवाज लावते, एक आकडे म्हणते, एकीला गावांची नावं पाठ असतात, एकीला फलाट. प्रत्येकीला एकच काम येतं आणि ते ती दुसरीला करू देत नाही. अशा प्रत्येकीला लायब्ररी म्हणतात. लिहून झालेली लायब्ररी तशीच कामाला जुंपता येत नाही, ती बिल्ड करावी लागते. पीठ मळलं म्हणजे पोळी झाली असं होत नाही, तव्यावर टाकावीच लागते.

कंपनीचा तवा जुना होता. नऊच्या नऊ जणींना दोन दिवस तरी लागले असते, आणि वडजाईचं उद्घाटन दुसऱ्याच दिवशी सकाळी होतं. "सगळ्यांना कशाला बोलावतेस?" कंपनीचे मालक उपळेकर म्हणाले होते. "लागतील तेवढ्याच निवड." म्हणून हर्षदाने चार नावं टाकली: आवाज, आकडे, गावं, फलाट. चौघी मशीनच्या खोलीत गेल्या, दार लागलं, पंखा घरघरू लागला. काम सुरळीत चाललं होतं.

आणि आता मीटिंगच्या खोलीत या पाच जणी भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. मध्यभागी तारीख. उंच, हाडकुळी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ बांधलेली. तिच्या शेजारी सणवार, साध्या मंगळवारी जरीचं नेसून आलेली. शुद्धलेखन भिंतीवरची 'विज बंद करा' ही पाटी वाचत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती. चाचणी खुर्च्यांचे पाय हलवून बघत होती. दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर, अंगाभोवती शाल घट्ट लपेटून, दिलगिरी बसली होती.

"आम्हाला वगळल्याचं कळलं," तारीख म्हणाली.

"वगळलं असं नाही हो ताई," हर्षदा म्हणाली. "वेळ कमी आहे."

"वेळ कमी आहे हे तुम्ही मला सांगताय?"

हर्षदा उठून उपळेकरांच्या केबिनमध्ये गेली. उपळेकरांना आश्चर्य वाटलं नाही, वैताग आला. "पुण्यातल्या कंपन्या यासाठी वेगळा माणूस ठेवतात," ते म्हणाले. "आपल्याला कुठून परवडणार? त्यांना चहा दे. बिस्किटं देऊ नकोस, नाहीतर त्यांना वाटेल निवड झाली."

चहा झाला. चाचणीने कपाचा कान निघतो का ते ओढून पाहिलं आणि तो निघाला. तेवढ्यात मशीनच्या खोलीतला पंखा थांबला, दार उघडलं आणि आकडे बाहेर आली. ती ठेंगणी आणि ठाम होती, फार बोलकी नव्हती.

"तारीख बाहेर ताटकळत बसलीये आणि मी आत पाटावर बसू?" ती म्हणाली. "नऊ म्हणायचं काम माझं. 'वाजता' कोण म्हणणार?"

"नुसतं नऊ म्हटलं तर चालणार नाही का?" हर्षदाने विचारलं.

"नऊ काय? नऊ केळी?"

तारखेने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. आपल्यासाठी कुणीतरी भांडतंय हे तिला आवडलं होतं, पण ते दाखवायचं नव्हतं. हर्षदाने जागेवर जाऊन यादीत तारखेचं नाव घातलं. नाव पुकारलं गेलं, पण तारीख उठेना.

"सणवारशिवाय मी कधी कुठे गेले नाही," ती म्हणाली. "उद्या दिवाळीतल्या जादा गाड्या कोण सांगणार? मला नुसती तारीख कळते हो. त्या दिवशी लोकांच्या घरी काय आहे, ते हिला कळतं."

सणवार आधीच पदर सावरून उभी होती.

असं हे वाढत गेलं. एखाद्या घरी चारच माणसांना जेवायला बोलवावं आणि चौघांनीही विचारावं, 'वन्सं येणार आहेत ना?' त्यातली गत. हर्षदा प्रत्येक वेळी केबिनमध्ये जाऊन सांगत होती आणि उपळेकर प्रत्येक वेळी घड्याळ बघत होते. तरी चौघींच्या सहा झाल्या तोवर संध्याकाळपर्यंत आटपेल असं दिसत होतं. गाडं अडलं ते दारात.

गावं बाहेर आली. ती नऊवारीतली, खणखणीत आवाजाची बाई होती. "शुद्धलेखन आधी आत गेल्याशिवाय मी जाणार नाही," ती म्हणाली. "उद्या माझ्या तोंडून 'बुद्रुक'चं 'बुदरूक' निघालं तर ते गाव मला दारात उभं करणार नाही."

शुद्धलेखन म्हणाली, "आधी नावं समोर आल्याशिवाय मी शुद्ध काय करू? त्यांनी आधी जावं."

"तुम्ही आधी."

"छे, तुम्ही."

मान देण्यावरून सुरू झालेलं हे बोलणं बघता बघता मानापमानावर आलं. पहिली म्हणाली, मी तुमच्यापेक्षा मोठी. दुसरी म्हणाली, मोठीतला 'मो' काढून दाखवा. आतल्या पाच जणींनी कामं थांबवली आणि त्या दाराच्या फटीतून बघू लागल्या. उपळेकर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "हर्षदा, पाया पड, पण मिटव."

हर्षदा पाया पडली नाही. तिने मशीनच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार दोन फळ्यांचं होतं, पण डावी फळी ऑफिस घेतलं तेव्हापासून बंद होती, तिच्यावर कॅलेंडर लटकत होतं. हर्षदाने कॅलेंडर काढलं, खालची-वरची कडी ठोकून ठोकून सरकवली आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. मग यादीत दोघींची नावं एकाच ओळीत लिहिली. गावं आणि शुद्धलेखन एकमेकींकडे न बघता, खांद्याला खांदा लावून, एकाच पावलाने आत गेल्या. पंखा पुन्हा घरघरू लागला.

"हे असं करता येतं?" उपळेकरांनी विचारलं.

"केलं की आत्ता," हर्षदा म्हणाली.

उरल्या दोघी. चाचणीने उठून सांगितलं, की मला कुणी निवडत नाही हे मला ठाऊक आहे, घाईच्या वेळी तर नाहीच. मी नुसती बघायला आले होते. ऑफिसातल्या पाच खुर्च्या, एक कप आणि मालकांच्या केबिनची काच यांत दोष आहेत, एवढं सांगून ती समाधानाने निघून गेली. ती जिना उतरत असताना केबिनची काच खाली आली.

दिलगिरी तशीच बसून होती. तिच्यासाठी आतून कुणी बाहेर आलं नव्हतं. तिचं कुणावाचून अडत नव्हतं आणि तिच्यावाचूनही कुणाचं अडत नव्हतं. उशीर झाला तरच तिला हाक मारायची, असं प्रोग्राममध्ये ठरलेलं होतं. "हिला फार वेळ लागणार नाही, सर," हर्षदा म्हणाली. "घेऊन टाकू?"

उपळेकरांनी वडजाईच्या स्थानकप्रमुखांना, पिसाळांना, फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"दिलगिरी?" पिसाळ ओरडले. "उद्घाटनाच्या दिवशी? अहो, पहिल्याच दिवशी माफी मागायला मी काय गुन्हा केलाय? जुन्या स्थानकावर आयुष्यभर ते ऐकलं. दिलगीर आहोत, दिलगीर आहोत! नव्या स्थानकात ती बाई मला नको. इथं सगळं नियमानं चालणार. घोषणा झाली तरच गाडी आली. घोषणा नाही, तर गाडी आलेली नाही. माणसांनी ठरवायचं कामच ठेवलं नाही."

"पण साहेब, उशीर झाला तर प्रोग्राम तिला हाक मारेल," हर्षदा फोनकडे वाकून म्हणाली. "ती नसेल तर तो तिथंच थांबून राहील."

"उशीर होणार नाही. उद्या उद्घाटन आहे."

दिलगिरी उठली. "माझ्यामुळे आपली गैरसोय झाली," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीसारखा. "त्याबद्दल क्षमा असावी." आणि ती गेली.

संध्याकाळी काम पुरं झालं. सात जणी वडजाईला पोचत्या झाल्या. उपळेकर खूश होते. सकाळी किती वाजता निघायचं, असं हर्षदाने विचारलं तेव्हा ते टेबलावरचे काचेचे तुकडे गोळा करायला लागले. "अगं, गाडीत जागा नाही. मी आहे, मिसेस आहेत, समई आहे, हार आहेत. तू मोबाइलवर बघ ना. दाखवणार आहेत."

हर्षदा "बरं" म्हणाली. आठ महिने तिने या कामाशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. घोषणेत 'कृपया' आधी यावं की नंतर यावरून ती नवऱ्याशी जेवताना वाद घालत असे. ती पर्स घेऊन जिना उतरली तर शेवटच्या पायरीवर दिलगिरी बसलेली.

"अहो मावशी, अजून इथंच? बस नाही मिळाली?"

"मिळाली होती. एकच जागा होती. मी बसले असते तर कुणाची तरी गेली असती."

हर्षदा तिच्या शेजारी टेकली. चपलांच्या दुकानातला माणूस शटर ओढत होता. शटर पुरतं खाली आल्यावर हर्षदा म्हणाली, "उद्या मी वडजाईला जाणार आहे. बसने. येता?"

"मला बोलावलेलं नाही."

"मलाही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये दोघींना शेजारी शेजारी जागा मिळाली. हर्षदाने मांडीवर लॅपटॉपची बॅग घेतली होती, सवयीने. पुढच्या सीटवर एक कुटुंब होतं, आई, वडील आणि घट्ट कॉलरचा शर्ट घातलेला मुलगा. ते वडजाईला मुलगी बघायला निघाले होते. आई मागे वळून दर थोड्या वेळाने विचारायची, "वेळेत पोचेल ना हो?" आणि दिलगिरी कावरीबावरी होऊन शालीचं टोक पिळायची.

घाटाच्या पायथ्याशी टायर बसला. चाक बदलेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागली. बस वडजाईच्या नव्या स्थानकात शिरली तेव्हा चांगलाच उशीर झाला होता. स्थानक चकचकीत होतं. झेंडूची तोरणं होती, मंडप होता. बस फलाटाला लागली, इंजिन बंद झालं, लोक सामान घेऊन उठले. कंडक्टरने दाराला पाठ लावली.

"बसा, बसा. गाडी अजून आलेली नाही."

"अहो, ही काय उभी आहे!" मुलाची आई म्हणाली.

"उभी आहे. आलेली नाही. घोषणा कुठं झाली? नवीन नियम आहे, मावशी. न आलेल्या गाडीतनं मी माणसं उतरवली तर उद्या मला घरी बसवतील."

लोकांनी कान दिला. भोंग्यातून बारीक खरखर येत होती, कुणीतरी श्वास रोखून उभं असावं तशी. सगळे पुन्हा बसले. नियम आहे म्हटल्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. फलाटावर मुलीकडची माणसं पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. मुलगी खिडकीपासून दोन हातांवर होती. मुलाने तिच्याकडे पाहिलं, तिने मुलाकडे पाहिलं, आणि दोघांनीही नजर काढून घेतली, कारण अजून भेट झालेली नव्हती.

मागून दुसरी बस आली. मग तिसरी. घाटात अडकलेल्या सगळ्याच आल्या आणि एकही पोचली नाही. हर्षदाचा फोन वाजला.

"अगं, कुठे आहेस?" उपळेकरांचा आवाज चिरकला होता. "ती बोलतच नाहीये! नुसती खरखरतेय!"

"फलाटावर आहे, सर. पण आलेली नाही."

"प्रमुख पाहुणे कुठंयत कळत नाही! पिसाळांनी त्यांना फोटोसाठी मुद्दाम बसने आणलं, साधेपणा म्हणून."

हर्षदाने मागे वळून पाहिलं. मागच्या बसमध्ये पहिल्या सीटवर एक फेटा दिसत होता. "ते आमच्या मागे आहेत, सर. तेही आलेले नाहीत."

फोनमधून पिसाळांचा आवाज आला. "कुणाच्याही हातून फीत कापा आणि सुरू करा!" मग तोच आवाज, जरा खालच्या पट्टीत: "नाही, नाही. घोषणा झाल्याशिवाय नाही. नियम माझाच आहे."

हर्षदाने फोन ठेवला. शेजारी दिलगिरी डोळे मिटून बसली होती. "मला हाक मारतायत," ती म्हणाली. "मघापासून मारतायत. किती जीव तोडून मारतायत गं."

"जाल?"

"नको असलेल्या ठिकाणी कसं जावं?"

"मावशी," हर्षदा म्हणाली, "नको असतं तिथंच तुमचं काम असतं."

तिने बॅगेतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला. यादी कोरी केली आणि एकच नाव लिहिलं. दिलगिरी. बाकी कुणी नाही. दिलगिरीने शालीची घडी घातली, ती हर्षदाच्या हातात दिली आणि उठून उभी राहिली. हर्षदाने कळ दाबली. लॅपटॉपचा पंखा मोठ्याने फिरू लागला, शेजारची सीट रिकामी झाली.

कंडक्टर धावत आला. "त्या बाई उतरल्या? न आलेल्या गाडीतनं उतरता येत नाही!"

"उतरल्या नाहीत. चढल्या."

कंडक्टरने क्षणभर विचार केला. "मग ठीक आहे," तो म्हणाला.

हर्षदाने मोबाइलच्या नेटवरून तिला वडजाईच्या यंत्रणेत पाठवलं. भोंग्यातली खरखर थांबली. मग तो मऊ आवाज आला. साताऱ्याहून वडजाईला येणारी बस फलाट क्रमांक दोनवर आली आहे. तिला उशीर झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कंडक्टरने दार उघडलं. मागच्या बसचं दार उघडलं, त्याच्या मागच्या बसचं उघडलं. लोक उतरले, फेटा उतरला, बँड वाजायला लागला. मुलाच्या आईने मुलीच्या आईला उशिराचं सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "असू द्या हो, ऐकलं आम्ही," आणि पेढा पुढे केला.

सगळ्या गाड्यांचं सांगून झाल्यावर दिलगिरीने थांबायला हवं होतं. पण तिला मोठी सुट्टी पडली होती आणि मनात बरंच साचलं होतं. जुन्या स्थानकावर नळाला पाणी नसे, त्याबद्दल ती दिलगीर होती. महिलांच्या प्रतीक्षागृहाला कुलूप असे, त्याबद्दल होती. सामानासकट धावत येणारा माणूस दिसत असूनही जी गाडी सुटली होती, तिच्याबद्दल विशेष होती. बँडमधली वाद्यं एकेक करून थांबली. पेरू विकणारी एक बाई पाटी खाली ठेवून वर बघत म्हणाली, "असू दे गं बाई." तिच्या मागून आणखी कुणीतरी म्हणालं, असू दे. मग सगळा फलाट म्हणू लागला.

पिसाळ घामाघूम होऊन आले. "बंद करा तिला!"

"करता येईल," हर्षदा म्हणाली. "तिला वगळून पुन्हा बिल्ड करायचं. पण मग पुढची उशिरा येणारी गाडी..."

पिसाळांनी फेट्याकडे पाहिलं. प्रमुख पाहुणे डोळे पुसत होते. भोंगा आता नावानिशी बोलत होता. साताऱ्याहून आलेल्या पांढऱ्या गाडीत मागची एक सीट रिकामी होती, असं तो म्हणाला, आणि जिने आठ महिने हे काम केलं तिला ती मिळाली नाही, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

उपळेकर हातातला हार या हातातून त्या हातात करू लागले. मिसेस उपळेकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "जागा होती?" त्या म्हणाल्या. "मला तर म्हणालात, समई आडवी ठेवायचीय."

"परत जाताना गाडीत ये," उपळेकर हर्षदाला म्हणाले. "समई मी मांडीवर घेतो."

"नको, सर. मी बसने येईन."

ती पेरूवाल्या बाईकडे गेली, एक पेरू तिखट-मीठ लावून घेतला आणि बाकावर बसली. समोर साताऱ्याची परतीची गाडी लागली होती. तिची घोषणा झाली, ठरल्या मिनिटाला ड्रायव्हरने गिअर टाकला आणि गाडी सुटली. जुन्या-नव्या स्थानकावर मिळून असं पहिल्यांदाच घडत होतं. वेळेवर सुटेल असं कुणाच्या मनातही न आल्यामुळे आत कंडक्टरशिवाय कुणी नव्हतं.

साताऱ्याची गाडी वेळेवर सुटली आहे, दिलगिरी म्हणाली. त्यामुळे प्रवाशांची झालेली गैरसोय...

"असू दे, मावशी," हर्षदा म्हणाली, आणि शाल मांडीवर घेऊन पुढच्या गाडीची वाट बघू लागली.